शब्द काढून उरलेली चाल

बैल चालायला लागले की काहीतरी वाजायला हवं, एवढं दीक्षाला कळत होतं. काय वाजायला हवं ते कळत नव्हतं.

खेळाचं नाव ‘तगर’. तेरचं हे जुनं नाव. खेळणाऱ्यानं तेरमध्ये गाड्यांवर माल लादायचा आणि घाट उतरून समुद्रापर्यंत न्यायचा. वाटेत पाणी, चारा, जकात, चोर, सगळं सांभाळायचं. हिशेब आणि कोड दीक्षाचं, चित्रं कुलदीपची. दोघं धाराशिवच्या कॉलेजात बी.एस्सी.ला एका वर्गात होते. ती पुढं फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली. तो तेरला वडिलांच्या शेतात परतला आणि टॅबवर चित्रं काढत राहिला. घरच्या बैलजोडीचं चालणं त्यानं मोबाइलवर टिपलं होतं आणि एकेक पाऊल थांबवून त्यावरून चित्रातले बैल चालवले होते. त्यांचे खांदे हलत, वशिंड डुलत. पण आवाजाशिवाय ते सगळं एखाद्या तक्त्यासारखं दिसे.

पुण्याच्या एका कंपनीला खेळ आवडला होता. तिथल्या प्रीती मॅडम छोट्या लोकांचे खेळ निवडून बाजारात आणत. त्यांनी घेतला तर दीक्षाला पुढचा खेळ करता येणार होता. नाही घेतला तर जूनपासून लातूरच्या एका क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायचं, असं घरी ठरलं होतं. वडिलांनी तसा शब्दही देऊन ठेवला होता. शिकवणं वाईट नव्हतं. पण एकदा त्या घाण्याला जुंपलं की सुटका नाही, हे तिनं तिथं गेलेल्या प्रत्येकाकडं पाहून ओळखलं होतं.

प्रीती मॅडमची अट एकच होती. संगीत स्वच्छ हवं, म्हणजे त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नको. आणि यंत्रानं बनवलेलं नको. ते जाहीर करावं लागतं आणि मग खेळणारे शिव्या घालतात.

फुकट संगीत इंटरनेटवर पोत्यानं मिळतं. दीक्षानं ते प्रयोगवहीतल्या निरीक्षणांसारखं तपासलं. अटी शेवटपर्यंत वाचल्या. एक संगीत खेळ विकायचा नसेल तरच चालणार होतं. दुसरं वापरलं तर आपला खेळही सगळ्यांना फुकट वाटावा लागणार होता. तिसरं कुणी चढवलंय त्याचाच पत्ता नव्हता. एक बासरी मात्र नेमकी होती. तिनं ती बैलांखाली लावली आणि दोन दिवस खुशीत काढले. मग तीच बासरी एका परदेशी शेतीच्या खेळात ऐकली, नंतर योगासनांच्या व्हिडिओत, आणि शेवटी गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत. पुण्याच्या एका संगीतकाराला विचारलं. तो नीट बोलला, आकडा सांगितला. तो ऐकून कुलदीप म्हणाला, “एवढ्यात आपले खरेच बैल समुद्रापर्यंत जातील आणि परत येतील.”

मग एका सकाळी आई भाकरी थापताना गुणगुणत होती, आणि दीक्षा दारातच थांबली. ते मच्छिंद्रमामाचं गाणं होतं.

मच्छिंद्र ओव्हाळ, बेंबळीचे. त्यांची भीमगीतांची गायन पार्टी होती. पेटी ते स्वतः वाजवत, ढोलकीवर बुद्धघोष. जिल्ह्यातल्या बहुतेक वस्त्यांनी जयंतीला कधी ना कधी त्यांना ऐकलेलं. ‘पाटी धरली हातामधी, भीमा तुझ्यामुळं’ हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं. पोरीला पहिल्यांदा शाळेत नेणाऱ्या बाईचं गाणं. बाया त्यावर रडत. दीक्षाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी आईनं तेच म्हटलं होतं. त्याची चाल संथ होती, दर दुसऱ्या पावलावर थोडी रेंगाळणारी. दीक्षानं आत जाऊन लॅपटॉप उघडला, आईला म्हणायला लावलं आणि बैल चालवले. पावलं जवळजवळ जुळत होती.

बेंबळीला मामांच्या घरी खिडकीवर वाकळ टांगून दीक्षानं ते टिपलं. शेळ्या मामींनी मागच्या अंगणात नेऊन बांधल्या.

“शब्द नको म्हणतीस?” मामा म्हणाले.

“शब्द नको, मामा. खेळ कुठल्याही देशात जाईल. त्यांना आपले शब्द कसे कळायचे? नुसती पेटी.”

“नुसती पेटी,” मामा म्हणाले. त्यांनी भाता सोडला आणि वाजवलं. वाजवताना ओठ हलत होते, आवाज न काढता. गाण्यातल्या आईच्या कडव्याला त्यांचे डोळे नेहमीसारखे मिटले.

“आणि खेळाच्या शेवटी नाव येईल,” दीक्षा म्हणाली. “संगीत, मच्छिंद्र ओव्हाळ.”

मामा हसले. “पत्रिकेवर गायक आलं, कवी आलं. कुणी एकानं शाहीर बी छापलं. संगीतकार पहिल्यांदाच.”

“आता आमाला इसरू नका म्हंजे झालं,” बुद्धघोष म्हणाला. “ढोलकीवाला कोण, इचारलं तर निदान आडनाव तरी सांगा.”

दीक्षानं खेळाची छोटी झलक बनवली आणि इंटरनेटवर चढवली. चहा होईपर्यंत त्यावर हक्काचा दावा आला. मुंबईची एक संगीत कंपनी म्हणत होती की हे संगीत आमचं आहे.

यंत्राची चूक, असं दीक्षानं धरलं. यंत्रं चुकतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं उत्तर लिहिलं : ही माझ्या मामांची स्वतःची रचना आहे, आमच्या भागात कित्येक वर्षं गायली जाते. लिहून पाठवलं. मग यंत्र नेमकं कशानं फसलं याचं कुतूहल वाटून तिनं दावा केलेलं गाणं लावलं.

जुना हिंदी पिच्चर होता, बहुधा पडलेला. नायक टांग्यातून चाललाय, टोपी तिरकी, मागं डोंगराचा पडदा. गाणं तिनं कधीच ऐकलेलं नव्हतं, आणि पहिल्या ओळीलाच ते तिला पाठ होतं. तिनं दोन्हींचे स्वर लिहून काढले. एका स्वरापासून पुढचा किती वर, किती खाली, हे शेजारी शेजारी मांडलं. मुखडा सारखा, अंतरा सारखा. अंतऱ्याच्या शेवटी मामा जिथं रेंगाळत तिथं टांगेवालाही रेंगाळत होता. योगायोगानं एवढं जुळण्याची शक्यता किती, हे काढायला ती बसली, आणि मग काढलं नाही.

प्रीती मॅडमचा फोन दुपारी आला.

“दीक्षा, ते दाव्याचं मी पाहिलं. सोमवारपर्यंत मला स्वच्छ काहीतरी दे. वकील असल्या घोळात शिरतच नाहीत, ते पुढचा खेळ उचलतात.”

“मॅडम, शब्द मामांचेच आहेत. शब्द ठेवून नवी चाल लावली तर?”

“कशाबद्दल आहेत शब्द?”

“बाबासाहेबांबद्दल. म्हणजे शाळेबद्दल.”

“मला स्वतःला आवडेल गं. पण खेळ आहे ना हा. त्यात कशाला ते?”

दुसऱ्या दिवशी दीक्षा बेंबळीला गेली. एसटीतून उतरल्यावर चौकात समोरच फ्लेक्स होता. मामांचा फोटो, कोट घातलेला. कोट फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवला होता, कारण मानेपाशी तो बसत नव्हता. खाली लिहिलं होतं : जगभर गाजणाऱ्या व्हिडिओ गेमचे संगीतकार मा. मच्छिंद्रदादा ओव्हाळ यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुकांत पहिला फोटो बुद्धघोषचा.

मामा ओसरीवर पेटी पुसत होते. बुद्धघोष ढोलकीची दोरी आवळत होता. जयंतीच्या तालमी चालू होत्या.

“जय भीम, मामा.”

“जय भीम. ये. फ्लेक्स बघितलास का? ह्या येड्यानं लावला. म्या नको म्हणलो होतो.”

“नको म्हणले, पन फोटू सोता दिला,” बुद्धघोष म्हणाला.

दीक्षानं मोबाइलवर टांग्याचं गाणं लावलं. मामांनी ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला.

“आरं, हे कुठं घावलं तुला? धाराशिवच्या टाकीजमधी लागला होता हा पिच्चर. म्या चार बार बघितला ह्या गाण्यापायी.”

“म्हणजे चाल याची आहे.”

“व्हय. चाल ह्याचीच.”

“मामा, तुम्ही बोलला नाहीत.”

“काय बोलायचं त्यात?” मामांना खरंच कळेना. “समद्या गाण्याला पिच्चरचीच चाल असती, पोरी. भजनवाल्यांची बी तीच रीत, आमची बी तीच. चाल काय, रस्ता. त्याच्यावरून कुणी बी जावं. गाडीत माल कुणाचा, ते बघायचं. शब्द माझे हायत. एक अक्षर कुणाचं न्हाय.”

“पण खेळात शब्द नाहीत.”

“ते तू काढायला लावलेस,” मामा म्हणाले. रागानं नव्हे. आत्ताच लक्षात आल्यासारखे.

तिनं दावा, कंपनी, सोमवार, सगळं सांगितलं. मामा ऐकून घेत होते. मग त्यांनी पेटी पुढं ओढली. “एवढंच ना? दुसरी घे. माझ्याकडं चाली लई पडल्यात.”

दीक्षाच्या मोबाइलवर चाल ओळखणारं ॲप होतं. त्याला नुसतं गुणगुणलं तरी ते गाणं सांगे. पुढं पुन्हा फजिती नको म्हणून तिनं ते सुरू केलं, आणि शेजारी टिपण्यासाठी माइकही ठेवला. मामांनी वाजवलं. मोबाइलनं पडद्यावर क्षणभर गोल चक्र फिरवलं आणि नाव दाखवलं.

“पिच्चर,” दीक्षा म्हणाली.

“बरं, ही बघ.”

“ही पण.”

“ही न्हाय व्हायची. ही म्या सोता बसून बसवली, तुझ्या मामीच्या बाळंतपणात.”

“ही कव्वाली आहे, मामा. हैदराबादची.”

बुद्धघोष मांडीवर थाप मारून हसला. “मामा, तुमी तर समदा हिंदुस्थान लुटला की. आन आमाला वाटायचं, बिचारा गरीब माणूस.”

मामाही हसले. “लुटला तर लुटला. पचवला बी.” आणि पुढची वाजवली.

ती देवीच्या गाण्याची निघाली, तुळजापूरच्या रस्त्यावर टपऱ्यांवर वाजणाऱ्या कॅसेटमधली. त्यापुढची पुन्हा पिच्चरची. मामा आता वाजवायच्या आधी विचार करू लागले. बोटं पट्ट्यांवर ठेवून थांबत, डोकं हलवत, दुसरीकडं वळत. अर्धी ओळ होते न होते तोच मोबाइल सांगून मोकळा होई. मामांनी अर्ध्यावर भाता थांबवला तरी नाव आलंच. बुद्धघोषचं हसणं केव्हा थांबलं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मामी चहा घेऊन आल्या, उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, “बास की आता. त्यास्नी परीक्षेला बसवलंय का काय?”

दीक्षालाही थांबायला हवं असं वाटत होतं. पण लय बदलली तरी ॲप ओळखतं, पट्टी बदलली तरी ओळखतं, मग मामांनी दोन चालींचे तुकडे जोडले तर काय करेल, हा प्रश्न डोक्यात आला आणि तिनं तसं वाजवायला सांगितलं. ॲपनं दोन्ही नावं सांगितली.

मामांनी हात पट्ट्यांवरून उचलले. अंगणाकडं बघत बसले. चहा निवत होता. मग उजवा हात पुन्हा खाली आला आणि आपोआप काहीतरी वाजू लागलं. छोटीशी ओळ, चार पावलं पुढं जाऊन एक मागं येणारी, आणि पुन्हा तीच. डावा हात भाता हळूहळू ओढत होता. मामांचं तिकडं लक्ष असावं असं वाटत नव्हतं.

मोबाइल गोल फिरवत राहिला. फिरवत राहिला. मग लिहून आलं : काही सापडलं नाही.

“हे, मामा. हे कुणाचं नाही.”

मामांचा हात थांबला.

“लई ग्वाड हाय की,” बुद्धघोष म्हणाला. “हे कधी वाजवलं न्हाय तुमी.”

“ते राहू दे,” मामा म्हणाले आणि पेटीचा भाता बंद करून चाप लावला.

“का? हेच तर हवंय. तुमचं आहे ना?”

“माझं न्हाय. माझ्या बापाचं.” मामांनी चहाची कपबशी उचलली, परत ठेवली. “बाप सनई वाजवायचा. हौस म्हनून न्हाय, गावकीचं काम म्हनून. पोळ्याला पाटलाच्या बैलांपुढं, येशीपासनं मारुतीपत्तुर. बैलांस्नी पाठ दाखवायची न्हाय, म्हनून तोंड बैलांकडं करून उलटं चालायचं. उलटं चालत वाजवायचं. पडला की लोक हसायचे. मुद्दाम मधी धोंडा बी ठेवायचे कुणी कुणी. शेवटाला भाकरतुकडा. धम्म घेतला तवा त्यानं सनई चुलीत घातली. गावानं वाळीत टाकलं, कामं बंद केली, तरी पुन्ना तोंडाला लावली न्हाय.”

“मग तुम्हाला कशी येते?”

“कडबा बांधताना त्याच्या तोंडात यायची. ध्यानात आलं की थुकायचा.”

मामी कपबशा घेऊन आत गेल्या. निघताना दीक्षानं मामांच्या पायांना हात लावला, तर ते म्हणाले, “दुसरं काई सापडलं तर कळिवतो.” चौकातून जाताना तिनं फ्लेक्सकडं पाहिलं नाही.

टिपलेलं सगळं तिच्या मोबाइलवरून आपोआप दोघांच्या सामाईक फोल्डरमध्ये जात असे. सकाळी कुलदीपचा फोन आला. “लगेच ये. काहीतरी दाखवायचंय.”

त्याच्या खोलीत पडद्यावर बैल चालत होते आणि खाली मामांची पेटी वाजत होती. लय त्यानं कमी-जास्त केलेली नव्हती. तशीच लावली होती. प्रत्येक स्वर खुरावर पडत होता. चार पावलांनंतर जिथं ओळ मागं येई, तिथं बैलाची मान खाली जाऊन वर येत होती. दीक्षाला कारण लगेच कळलं. ज्या माणसानं ही ओळ बसवली त्याच्यासमोर बैल होते. तो त्यांच्या पावलांकडं बघूनच वाजवत होता. दुसरीकडं कुठं बघायची त्याला मुभा नव्हती.

तिनं कुलदीपला सगळं सांगितलं.

“वाईट झालं ते,” कुलदीप म्हणाला. तो मनापासून म्हणत होता. “पण हे ऐकणाऱ्याला कुठं माहीत असणार? ते कॅनडात बसून ऐकतील. आपण थोडंच कुणाला उलटं चालवतोय.”

“मामा नको म्हणाले.”

“अगं, आमच्याकडंपण वाजवायचे पोळ्याला. आजोबा सांगतात, लई शोभा असायची.”

“कोण वाजवायचं?”

“म्हणजे काय? वाजवणारे.”

दीक्षानं त्याच्याकडं पाहिलं. तो बैलाच्या शेपटीतली एक चूक दुरुस्त करत होता.

“आणि सहीचं काय?” ती म्हणाली. “संगीतकाराची सही लागते. मामा देणार नाहीत.”

“संगीत पारंपरिक असेल तर सही लागत नाही. मॅडमनी पाठवलेल्या नियमांत आहे की. पारंपरिक लिही.”

ती अंगणात आली. कुलदीपच्या घरची बैलजोडी लिंबाखाली रवंथ करत होती. तिनं मामांना फोन लावला.

“मामा, ती चाल.”

“कंची?” मामा म्हणाले, पण त्यांना कळलं होतं.

“ती मला लागतेय. आज द्यायचंय सगळं. दुसरं काही बसत नाही.”

फोनमध्ये ढोलकीचा आवाज येत होता, मग तो थांबला. मामांनी बुद्धघोषला हातानं गप्प केलं असावं.

“लागती म्हणजे घेणारच हायस.”

“तुम्ही नको म्हणालात तर...”

“नको म्हणून झालं की काल.” मामांचा आवाज चढला नाही. “मग आज इचारतीस कशाला? माझ्या बापाला बी कुणी इचारून वाजवायला लावलं न्हवतं.”

दीक्षाला लातूरचा क्लास आठवला, त्यातली बाकं, भिंतीवर लावलेले पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. ते मामांना सांगावं असं वाटलं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

“माझं नाव टाकू नको,” मामा म्हणाले. “बापाचं तर अजिबात न्हाय.” आणि त्यांनी फोन ठेवला.

आत येऊन तिनं संगीतकाराच्या नावासमोर ‘पारंपरिक’ लिहिलं. सहीची जागा आपोआप गायब झाली. टांग्याच्या गाण्याच्या दाव्यावर घेतलेली हरकत तिनं मागं घेतली, झलक उतरवली, नवी चढवली. या वेळी कुणाचा दावा आला नाही.

संध्याकाळी प्रीती मॅडमचा निरोप आला. करार पाठवते आहे. आणि खाली : संगीत किती अस्सल आहे, असलं कुठून मिळवता तुम्ही लोक?

“बघ,” कुलदीप म्हणाला. “सांगत होतो ना.” त्यानं निरोप घरच्यांना दाखवायला टॅब बाहेर नेला.

खेळात अजून बरंच काम उरलं होतं. घाट उतरताना एक गाडी जकात नाक्यापाशी अडकून बसत होती, कारण सापडत नव्हतं. दीक्षानं खेळ सुरू केला. बैल तेरमधून निघाले. तिनं आवाज बंद केला, आणि गाडी कुठं अडकते ते बघत बसली. त्या दिवसापासून तपासायचं असेल तेव्हा ती खेळ आवाज बंद करूनच चालवते. कुलदीपला वाटतं, तिला त्याशिवाय चुका सापडत नाहीत.